मिल्कामावशीची झिलई

ऑक्टोबर लागला की खारघरच्या आमच्या नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत दुपारचं उभं राहवत नाही. फरशी तव्यासारखी तापते, दोरीवरचे कपडे बघता बघता कडकडीत होतात. या दिवसांना सगळेच नावं ठेवतात. पाऊस गेला, थंडीचा पत्ता नाही, मधल्या मधे हा काय छळ, असं लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस म्हणतो. मला मात्र हे दिवस आवडतात. असं म्हटलं की घरातले एकमेकांकडे बघतात. हिला ऊन लागलंय, असा त्या बघण्याचा अर्थ असतो.

गेल्या रविवारी शिमोन येऊन गेला. मिल्कामावशीचा मुलगा. इस्राएलमध्ये अश्दोदला राहतो, वडिलांच्या कबरीला पनवेलला आला होता, तिथून माझ्याकडे. मावशी वारून आता बरीच वर्षं झाली. तो येणार म्हणून मी कपाटातून तिचा वाडगा काढून ठेवला होता. हिरवा आहे, पण नुसता हिरवा म्हणून सोडून देता येणार नाही असा. तळाशी शेवाळाचा, वर येता येता उजळत गेलेला, आणि काठावर चक्क निळा. शिमोनने तो हातात घेतला, काठावरून अंगठा फिरवला आणि मला एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचं उत्तर मलाच ठाऊक आहे, पण ते एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी त्या ऑक्टोबरपर्यंत मागे जावं लागतं.

तेव्हा आम्ही नवीन पनवेलला राहायचो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन इकडे आलेली, आणि जुन्या पनवेलात एका कपड्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जायची. काय रुबाब होता त्या खोलीचा! पनवेलात बँकेतसुद्धा पंखे गरगरायचे, पण आमच्या खोलीत एसी होता. तोही आमच्यासाठी नव्हे, मशीनसाठी. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मग आत. पडद्यावर काळ्यावर पिवळी अक्षरं उमटायची आणि त्यांच्याकडे बघताना आपण भविष्यातच बसलोय असं मला वाटायचं. डोंबलाचं भविष्य! लाइट गेली की सगळं जागच्या जागी संपायचं.

मिल्कामावशी त्या क्लासच्या मागच्या गल्लीत राहायची. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, इथल्या इस्राएली, म्हणजे ज्यू समाजातली, बोलायला फटकळ आणि हाताने देवमाणूस. मुंबईला एका ठिकाणी कुंभारकाम शिकून आलेली, आणि घरामागच्या पडवीत चाक आणि विजेची छोटी भट्टी लावून वाडगे, कप, बरण्या करायची. आमची ओळख झाली ती माझ्या हातून तिचा एक कप फुटला म्हणून. गल्लीतल्या एका दुकानात विकायला मांडलेला होता, ती तिथेच उभी होती, मी उचलला आणि सोडला. ती म्हणाली, "फुटला तो फुटला, पण आत बघ, झिलई कशी काचेसारखी बसलीय!" फुटलेल्या कपाचं कौतुक करणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

झिलई म्हणजे मातीच्या भांड्यावर चढवलेली काच. चार-पाच प्रकारच्या पुडी पाण्यात कालवायच्या, भाजलेलं भांडं त्यात बुडवायचं, वाळवायचं आणि पुन्हा भट्टीत घालायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. मावशीची झिलई मात्र तिची स्वतःची होती. भातगिरणीवरचा तूस, म्हणजे भाताची टरफलं, आणून ती त्याची राख करायची. खाडीकडच्या शिंपल्यांचा चुना घ्यायची. थोडी पांढरी माती, थोडा दगडाचा भुगा मुंबईहून, आणि रंगाला तांब्याची पूड. कितीतरी वर्षं खपून तिने तो रंग बसवला होता. पनवेलात ज्यांच्या घरी तिचा कप होता ते पाहुण्यांना त्यातच चहा द्यायचे.

आणि आता ती कायमची इस्राएलला निघाली होती. शिमोन आधीच तिकडे गेला होता, नवरा वारला होता, समाजातली घरं एकेक करून कुलूपबंद होत होती. दिवाळी झाली की विमान. भट्टीसुद्धा पुण्याच्या एका गृहस्थांना विकून झाली होती, दिवाळीनंतर ते टेम्पो घेऊन येणार होते. विचुंब्याहून तुसाची पोती आणणारी हिराबाई दारात बसून तिला विचारत होती, "तुमी नाय तर आमचा तूस नेनार कोन?" आजूबाजूच्या शेतांत तेव्हा कापणी चालली होती. हिराबाईच्या लुगड्याला, केसांना, पोत्यांना, सगळ्याला नव्या भाताचा वास होता. मावशीने तिला चहा दिला.

तिकडे शिमोनच्या घराजवळ कुंभारकामाची एक कार्यशाळा होती. तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, आईंना घेऊन या, चाक देऊ. पण मावशीच्या डोक्यात भलतंच होतं. एकदा पायऱ्यांवर बसून तिने मला सरळ सांगितलं.

"शैले, इथे मला सगळे ओळखतात. तिथे मी कोण? शिमोनची आई. नातवंडांची आजी. चांगलंच आहे गं ते, पण तेवढंच? माझा रंग बरोबर आला तर मी तिथेही मीच. नाही आला तर कोपऱ्यात बसून शेंगा सोलायच्या."

"मग राख घेऊन जा ना बरोबर."

"किती नेऊ? एक पोतं? दोन? ते संपलं की मी पण संपले?"



त्याच सुमारास शिमोनने फ्लॉपी पाठवली. त्या कार्यशाळेत झिलईच्या कृती कॉम्प्युटरमध्ये ठेवायचे, त्याचा तो प्रोग्रॅम. कागदाच्या पाकिटातली ती मोठी लवचिक चकती मावशीने माझ्या पुढ्यात ठेवली, तीही चिमटीत, पापड तुटेल या भीतीने धरावा तशी. "हे तुझं खातं," म्हणाली.

त्या प्रोग्रॅमचं मला वेडच लागलं. पदार्थांची नावं आणि वजनं भरायची. मग तो प्रत्येकाच्या पोटात काय दडलंय ते काढून दाखवायचा. भट्टीतून निघाल्यावर यातलं काय उरेल, काय जळून उडून जाईल. उरेल त्यात काच होणारं किती, वितळवणारं किती, ओघळू न देणारं किती. आणि खरी करामत पुढेच. त्याला म्हणायचं, बाबा रे, आमच्याकडे तुसाची राख नाही, शिंपल्यांचा चुना नाही, बाजारात अमुक अमुक पुडी मिळतात, त्यातून शेवटी हेच उरेल असं काहीतरी दे. की तो नवी कृती मांडून द्यायचा. राखेऐवजी गारगोटीचं पीठ, शिंपल्यांऐवजी खडू, असं सगळं. म्हणजे पनवेल न नेता पनवेलचा रंग नेता येणार होता! मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता.

दुपारी बॅच नसायची तेव्हा मावशी क्लासमध्ये यायची. मातीचे पाय दारातल्या पायपुसण्यावर घासघासून पुसायची, पदर सावरून खुर्चीच्या अगदी टोकावर बसायची, जणू मागे टेकली तर मशीन रागावेल. राख आणि चुना दोन्ही आम्ही मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पाठवून तपासून आणले होते. कारण त्या प्रोग्रॅमला आमचा तूस कसा ठाऊक असणार? मी आकडे भरायची. वजनांचा आणखीच गोंधळ. मावशीचं सगळं माप वाटीचं. मग तिच्या वाट्या तराजूवर चढवल्या.

"अजून काही घालतेस?" मी विचारलं.

"पाणी. आणि पेज."

"पेज?"

"सकाळची उरलेली. गाळून तांब्याभर ओतते. त्याने पुडी भांड्याला धरून राहतात, हाताला लागत नाहीत."

मी जरा विचार केला. आमच्या साताऱ्याकडे पेज म्हणजे आजाऱ्याचं खाणं. तांदूळ आणि पाणी, दुसरं काय? "जळून जाईल," मी म्हटलं. "जळूनच जाणार," मावशीही म्हणाली. मी पुढच्या ओळीवर गेले.

कृतीला नाव द्यायचं होतं. आठ अक्षरांच्या वर मशीन घेत नसे. मी 'ग्रीन' आणि पुढे एक असं टाकणार होते. मावशी एकदम पुढे झुकली. "हिरवा काय? हिरवे शंभर असतात. पनवेल लिही." मी इंग्रजीत पनवेल टाइप केलं. सहा अक्षरं झाली, दोन जागा उरल्या. तिने पडद्याला बोट लावायला हात पुढे केला आणि घाईघाईने मागे घेतला.

बाजारच्या पुडींची झिलई, पेज न घालता नुसत्या पाण्यात कालवून, आम्ही पहिली भट्टी लावली. भट्टी निवेपर्यंत उघडायची नसते, मध्येच उघडली तर भांडी तडकतात. ते वाट बघणं मला कधी जमलं नाही. मी फेऱ्या मारत होते आणि मावशी शांतपणे तांदूळ निवडत होती. शेवटी दार उघडलं. आतून जो वाडगा निघाला तो हिरवा होता. सरकारी कचेरीच्या खिडक्यांना असतो ना, तसला. कुठे काही चुकलं नव्हतं, झिलई गुळगुळीत बसली होती, पण त्या रंगात जीवच नव्हता. काठ तर अगदीच मुका.

मावशीने तो खिडकीशी नेला. बराच वेळ फिरवून फिरवून बघितला.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

मी आकडे परत तपासले. पुन्हा पुन्हा तपासले. पडद्यावर दोन्ही कृती जुळत होत्या. मशीन म्हणत होतं सारखंच आहे, आणि समोर दोन वाडगे शेजारी शेजारी ठेवलेले, आंधळ्यालाही कळावं इतके वेगळे. मला मशीनचा राग आला, मग मावशीचाही आला. काहीतरी सांगायचं राहिलंय हिचं! तिला तसं म्हटलं तर ती भडकली. "माझ्या हाताने घालते ते मीच विसरेन?" त्या दिवशी आम्ही चक्क भांडलो. एका झिलईपायी दोन शहाण्या बायका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, हे आता सांगायलाही हसू येतं.

दोन-तीन दिवस गेले. शनिवारी दुपारी मला राहवेना. नवीन पनवेलहून पुलावरून चालत निघाले, रिक्षा मिळाली नाही. ऊन म्हणजे नुसतं भाजून काढणारं. रस्त्याकडेला कापलेल्या भाताच्या पेंढ्या पडलेल्या, धूळ, आणि डोक्यावर आभाळ इतकं स्वच्छ की बघवत नव्हतं. मावशीच्या दारात पोचले आणि गरगरायलाच लागलं. भांडण बिंडण विसरून तिने मला आत ओढलं, पंख्याखाली बसवलं, डोक्यावर पाणी थापलं. "अक्कल आहे का तुला? या उन्हात कोण चालतं?" आणि शिव्या देता देता वाडग्यात पेज आणून हातात ठेवली. गार होती. शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटत नाही, सगळं शुक्रवारीच करून ठेवलेलं.

मी एक घोट घेतला. मग दुसरा.

"मावशी, यात मीठ आहे?"

"का, कमी पडलं?"

"कमी नाही गं. तू पेजेत मीठ घालतेस?"

"मग काय साखर घालू? पेजेत मीठ असतं की नाही, हा काय प्रश्न झाला?"

"आणि झिलईत ओततेस ती हीच?"

"हीच. झिलईसाठी वेगळी शिजवायला मी काय..." ती बोलता बोलता थांबली.

 तांदूळ जळून जातो. मीठ जात नाही. त्यातलं सोडियम काचेत शिरतं, वितळवतं, तांब्याच्या हिरव्याला निळ्याकडे ओढतं. एवढे दिवस त्या प्रोग्रॅमपुढे बसून एवढं तर मला कळायला लागलं होतं. आणि काठच का निळा, तेही तिथल्या तिथे उलगडलं. मीठ पाण्यात विरघळतं. भांडं वाळताना पाणी काठाकडून उडतं आणि मीठ त्याच्या मागोमाग तिथे जाऊन बसतं. इतकी वर्षं मावशी रोज सकाळी आपल्या झिलईत मीठ घालत होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. पत्ता कसा असणार? कोकणातल्या बाईला पेजेतलं मीठ वेगळं दिसतच नाही. आणि मला, घाटावरच्या बाईला, पेजेत मीठ असेल हे सुचलंच नाही.

मी ताडकन उठले. "चल, क्लासवर जाऊ. किल्ली आहे माझ्याकडे."

"आज शनिवार," मावशी म्हणाली.

"अगं, पण..."

"चांदण्या दिसेपर्यंत मी काही मोजणार नाही, काही लिहिणार नाही, आणि तुझ्या मशीनच्या खोलीतही येणार नाही. तुला जायचं तर जा."

मीठ किती, हे तिच्या मुठीलाच माहीत होतं. जाऊन करणार काय, कपाळ? मी बसले.

तसली दुपार मला पुन्हा कधी मिळाली नाही. करण्यासारखं काम समोर वाढून ठेवलेलं आणि हात लावायचा नाही. सुरुवातीला मी चुळबुळ केली, घड्याळ बघितलं. मग तेही सोडून दिलं. मागच्या पडवीत चटई टाकून आम्ही पडून राहिलो. भट्टी बंद, चाक बंद, रस्त्यावरही सामसूम. तलावाकडून मधूनच वाऱ्याची एखादी झुळूक यायची. मावशी हळूहळू बोलत होती. लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूने पहिल्या दिवशी पेजेचं पातेलं तिच्या हातात दिलं, म्हणाली, मीठ तू घाल, म्हणजे घर तुझं झालं. "मी घाबरून जास्तच घातलं," मावशी म्हणाली, "सगळ्यांनी गुपचूप प्यायली."  मी वळून बघते तो तिच्या डोळ्यांतून पाणी. "मला नाही गं जायचं," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत तिने ते एकदाच म्हटलं. मी तिचा हात धरून ठेवला. बहुतेक दुसरं काही करायचंही नव्हतं.

उन्हं उतरली. भिंतीवरची किरणं आधी पिवळी, मग तांबूस झाली. आभाळात तीन चांदण्या दिसल्यावर मावशीने उठून पदर खोचला. "चल, आण तुझा तराजू!"

रोज घालते तसं मीठ तिने मुठीत घेतलं. मी म्हटलं, नेहमीसारखंच घे, विचार करू नकोस. ती म्हणाली, विचार करू नको म्हटलं की माणूस विचारच करतो. शेवटी मी तिला शिमोनच्या लहानपणीचं काहीतरी विचारलं आणि ती सांगण्यात गुंगली असताना मुठीतलं मीठ तराजूत पडलं. मग क्लासवर जाऊन त्यातलं तांब्याभर पेजेच्या वाट्याला येईल तेवढं मशीनमध्ये भरलं. आता पडद्यावरच्या दोन कृती जुळेनात, वितळवणाऱ्यांच्या रांगेत सोडियमची जागा लख्ख दिसायला लागली. मशीनने मग दगडाचा भुगा बदलून दुसऱ्या जातीचा घ्यायला सांगितला, ज्याच्या पोटातच सोडियम होतं, पण मिठासारखं पाण्यात विरघळून काठाकडे न पळणारं.

शेवटची भट्टी दिवाळीच्या तोंडावर लागली. आळीत फटाके वाजत होते, घराघरांतून चकल्यांचा वास येत होता आणि आम्ही दोघी एका लोखंडी दारासमोर बसलो होतो. दार उघडलं. मावशीने पहिला वाडगा काढला, खिडकीशी नेला.  निळा होता! नुसता काठावर नाही, हिरव्यात सगळीकडे थोडा थोडा झिरपलेला. तंतोतंत तो नव्हता. पण जिवंत होता.

"जुळी नाही," मावशी म्हणाली, "पण बहीण आहे. चालेल. घेऊन जाते हिला." माझा जीव भांड्यात पडला. मग तिने जुन्या झिलईतला, निळ्या काठाचा एक वाडगा माझ्या हातात दिला. "आणि ही तुझ्याकडे राहू दे."

दिवाळीनंतर टेम्पो आला, भट्टी गेली. मग मावशीही गेली. पुढे तिचे फोन यायचे, कधी सणाला, कधी उगाचच. खरखर, ओरडून बोलायचं. एकदा म्हणाली, "शैले, इथल्या पोरी मला काय विचारतात माहितेय? मिल्का, आज कोणती लावू, पनवेल लावू? पनवेल संपलंय, कालवून दे!" आणि इतकी हसली, इतकी हसली की पुढचं काही ऐकूच आलं नाही.

हिराबाईच्या शेतावर आता इमारत आहे. क्लासही केव्हाच बंद झाला, त्या जागी मोबाइलचं दुकान आहे. ती फ्लॉपी माझ्याकडे आहे, पण ती जिच्यात घालावी अशी मशीनच उरली नाही. ऑक्टोबर मात्र तसाच आहे.

तर गेल्या रविवारी शिमोन तो वाडगा हातात घेऊन बसला होता. आता त्याचेही केस पांढरे झालेत. मराठी अजून आईसारखीच बोलतो.

"शैलाताई," तो म्हणाला, "तिथे पनवेलची बादली अजून असते. आईच्या हाताखालच्या पोरी आता स्वतः शिकवतात. सगळं कॉम्प्युटरमधून काढून वजन करून घालतात. आणि शेवटी प्रत्येक पोरगी त्यात चिमूटभर मीठ टाकते. आई टाकायची म्हणून. एवढ्याशा मिठाने एवढ्या बादलीत काय होणार, असं सगळ्याच म्हणतात, पण टाकतात. कॉम्प्युटरमध्ये ते लिहिलेलंच नाही. मी आईला विचारलं होतं, ती नुसती हसली. का टाकायची ती?"

मी त्याच्या हातातून वाडगा घेतला.

"बस," म्हटलं, "पेज टाकते. मीठ तू घाल."